उडी कुणाची, नाव कुणाचं

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. मनगटावर बांधायचं घड्याळ नव्हे. गळ्यात दोरीने अडकवायचं, किल्ली द्यायचं, तळहातात मावेल एवढं. माझ्या डबीचा मुलामा कडेकडेने गेला आहे आणि काचेवर एक चरा आहे. वेळ मात्र मी अजून खरी सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते धाराशिवच्या बाजारातलं खेळाच्या सामानाचं दुकान. तिथे जाळ्या होत्या, लेझिमी होत्या, हवा नसलेले चेंडू होते आणि काचेच्या कपाटात मी होतो. एके दिवशी व्यंकट सर आले. ते एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे आणि खो-खोसाठी वेडे होते. त्यांनी मला कानाशी धरलं, माझी टिकटिक ऐकली आणि दुकानदाराला म्हणाले, "हे द्या. आमच्या पोरींला आता खरा टाइम कळंल."

खरा टाइम! मी आनंदाने फुलून गेलो. पण सरांच्या गळ्यात पडलो आणि पाहतो तर काय, तिथे आधीच एक शिट्टी लटकत होती.

मित्रांनो, मत्सर म्हणजे काय ते मी त्या शिट्टीकडून शिकलो. ती वाजली की सगळं मैदान थांबायचं. पोरी तिच्याकडे बघायच्या, प्रेक्षक तिच्याकडे बघायचे. मी मुकाट्याने काटा फिरवायचा. पळणारी मुलगी किती वेळ बाद न होता टिकली, हे खो-खोत सगळ्यांत महत्त्वाचं. ते मोजायचो मी. दुसऱ्या दिवशी पेपरात खेळाडूचं नाव छापून यायचं आणि पुढे कंसात तिची वेळ. तो कंसातला आकडा माझा होता. पण पेपर वाचून कुणी म्हटलं नाही, की वा, काय मोजलंय!

सरांना दोन मुली. थोरली प्रीती, धाकटी श्रावस्ती. प्रीती म्हणजे वारा. ती खांबापाशी आली की हूल द्यायची, उलटी फिरायची आणि पाठलाग करणारीचा हात मागे राहायचा. तिचा डावा खांदा उडीच्या आधी किंचित खाली पडायचा. सर त्यासाठी तिला रोज रागवायचे. "खांदा सांभाळ! समोरच्याला आधीच कळतंय!" ती खोड काही गेली नाही. तरी तिला पकडणं कुणाला जमलं नाही.

श्रावस्तीला पळता यायचं नाही. मग सरांनी मला तिच्या हातात दिलं आणि तिला रेषेवर बसवलं. तिने बहिणीची वेळ मोजायची. एका हातात मी, दुसऱ्या हातात पेन्सिलचं थोटूक. प्रीती पळायची आणि ही फक्कीने आखलेल्या रेषेशेजारी बसून कागदावर तिचे पाय काढायची. नुसते पाय. पायांमागून पाय.

प्रीती राष्ट्रीय स्पर्धेत खेळून आली तेव्हा चौकात तिचं मोठं फ्लेक्स लागलं. फोटोत कोपऱ्यात श्रावस्तीही होती, पण छापणाऱ्याने तिला कोपरापासून कापून टाकलं होतं. उरला तो फक्त तिचा हात आणि हातात मी. माझ्या आयुष्यातला तो एकुलता एक फोटो, म्हणून मी खुशीत होतो. श्रावस्ती मात्र फ्लेक्सकडे बघत उभी राहिली आणि तिची बोटं माझ्या डबीभोवती अशी आवळली, की मला वाटलं काच फुटते आता. त्या मुठीची ऊब मला ओळखीची होती. शिट्टीकडे बघताना माझ्या आतही तसंच काहीतरी तापायचं.

पुढे प्रीतीचा गुडघा गेला. खेळ सुटला. तिचं लग्न बेंबळीत झालं आणि ती शेतीत, म्हशींत रमली. निदान सगळे तसं म्हणत. सर निवृत्त झाले. शिट्टी कुठे हरवली कुणास ठाऊक. मी शोधली नाही.

श्रावस्ती चित्रकला शिकली. मग घरी बसून संगणकावर जपानी कार्टून मालिकांची चित्रं काढण्याची कामं तिला मिळू लागली. आता मला वाटलं, माझे दिवस आले. पण तिच्या टेबलावर एक काळी गुळगुळीत पाटी येऊन बसली. तिच्यावर बिनशाईचं पेन फिरवलं की पडद्यावर रेघ उमटायची. घरात पाहुणे आले की त्या पाटीभोवती जमायचे. "काय भारी मशीन हाय ओ!" मी शेजारीच असायचो, पेनांच्या डब्याला टेकून. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

तरी सांगतो, माझ्याशिवाय तिचं पान हलत नव्हतं. या कामात प्रत्येक हालचालीला वेळ ठरवावी लागते. श्रावस्ती डोळे मिटायची, माझा खटका दाबायची, मनातल्या मनात एखादं पात्र जिना उतरवायची आणि पुन्हा खटका दाबायची. मग तेवढ्या वेळात चित्रं किती आणि कुठे थांबायचं, हे ती तक्त्यात मांडायची. पाटीला रेघ कळते. वेळ मलाच कळते.

अशात एक काम आलं. एक शाळकरी मुलगी कुणाचा तरी निरोप पोचवायला गावातून धावते, कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला वळसा घालते आणि बंद होत आलेल्या फाटकातून झेप घेते. आधीच्या चित्रकाराने त्याची कच्ची चित्रं काढून दिली होती. ती फार घाईत काढलेली. मुलगी पळत होती, पण तिला वजनच नव्हतं. कागदाचा कपटा उडावा तशी ती खांबाभोवती जायची. श्रावस्तीने दोन दिवस डोकं खाजवलं. मग तिने बेंबळीला फोन लावला.

"अक्का, येतीस का? जरा पळून दाव."

"खुळी का तू? माझा गुडघा कसा हाय ठावं न्हाय का तुला?"

"हळू पळ. फक्त खांबाला वळायचं."

प्रीती एसटीने आली. घरामागच्या मोकळ्या जागेत एक विजेचा खांब होता. तिने साडीचा पदर खोचला, चपला काढल्या आणि हळू पळायचं ठरवून उभी राहिली. श्रावस्तीने खटका दाबला. मित्रांनो, पहिली दोन पावलं हळू पडली, तिसरं पाऊल मात्र जुनं होतं. प्रीती खांबापाशी गेली, तिने हूल दिली, डावा खांदा खाली टाकला आणि झेपावली. मी ते सगळं मोजलं. माझ्या काट्याला ती वेळ ओळखीची वाटली. खाली पडल्यावर ती हसत होती आणि गुडघा धरून बसली होती. संध्याकाळपर्यंत तो टरबुजासारखा सुजला.

श्रावस्तीने ती झेप जशीच्या तशी चित्रांत उतरवली. वेळही बदलली. जपानला तसं कळवलं. तिकडच्या चित्रं तपासणाऱ्याने चालेल म्हणून सांगितलं.

तो भाग लागला तेव्हा तिकडे मध्यरात्र होती आणि इथे जेवणाची वेळ. सर लोहाऱ्याला सामन्याला पंच म्हणून गेले होते. घरात दोघी बहिणी आणि त्यांची आई मालनबाई. मालनबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. पडद्यावर ती मुलगी धावली, वळली, झेपावली. प्रीतीच्या तोंडून "आगं बया!" एवढंच निघालं. मग शेवटचं गाणं लागलं आणि नावं सरकू लागली. श्रावस्तीने ती थांबवली आणि काड्या रचल्यासारख्या जपानी अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे मी."

मालनबाईंनी शेंगांचे हात पदराला पुसले आणि त्या अक्षरांवरून बोटं फिरवून ती कपाळाला लावली.

प्रीतीने विचारलं, "अन् माझं कुठाय?"

"तुझं न्हाई गं अक्का. पळून दाखवणाऱ्याचं नाव नसतं."

"नसतं म्हंजी? गुडघा माझा सुजला. मग ही एवढी मानसं कशाची हायेत? ह्यातलं कोन पळालं?"

श्रावस्ती समजावू लागली. "हे बघ. ह्यो एकटा वरचा, त्यो सगळ्या मालिकेचा दिग्दर्शक. आपले पप्पा कसे बाहेर उभे राहून टीम खेळवायचे, तसा. ह्यो दुसरा फक्त ह्या एका भागाचा दिग्दर्शक. अन् हा चित्रांचा दिग्दर्शक. त्याचा गोष्टीशी संबंध न्हाई. आमची चित्रं तपासायची, चेहरा बिघडला, हात वाकडा झाला तर दुरुस्त करायचा, हे त्याचं काम. ह्यांनी मोक्याची चित्रं काढली. उडीची सुरुवात, वळण, पडणं, अशी. त्याला म्हंत्यात की-ॲनिमेशन. त्याच्याखाली सेकंड की, त्यात मी. पहिल्यानं कच्चं काढलेलं, दिग्दर्शकानं दुरुस्त केलेलं, ते आमी पक्कं करतो. मग दोन चित्रांच्या मधली चित्रं भरणारे. मग रंगवाले. मग सगळं एकावर एक बसवून क्यामेऱ्यातून काढल्यागत करणारे. अन् ही पोरगी बघितलीस? ही चित्र काढतच न्हाई. कुनाचं काम कुनाकडं अडकलंय, ते बघून पुढच्याला उठवते."

"म्हंजी खो देती."

"हां! खो देती."

प्रीतीने श्रावस्तीच्या नावाच्या ओळीवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "म्हंजी तू दुसरी."

"दुसरी म्हंजी कमी न्हाई अक्का. नंतर काम करणारी."

"दुसरी ती दुसरीच." प्रीती उठली आणि पाय ओढत चुलीकडे गेली. श्रावस्तीचा चेहरा एवढासा झाला.

त्यात आणखी मीठ पडलं. त्या झेपेची चार-पाच सेकंदं लोकांना फार आवडली. जगभरचे लोक तेवढा तुकडा कापून एकमेकांना पाठवू लागले आणि खाली विचारू लागले, की ही झेप कुणी काढली? कुणीतरी जाणकाराने उत्तर दिलं आणि नाव लिहिलं पहिल्या चित्रकाराचं. कच्चं काढणाऱ्याचं! लोकांनी त्याचं कौतुक केलं. श्रावस्ती ते वाचायची, फोन उपडा ठेवायची, परत उचलायची, परत वाचायची. जेवताना तिचा घास हातात राहायचा.

बघा मित्रांनो. त्या चार-पाच सेकंदांसाठी श्रावस्ती त्या दूरच्या चित्रकारावर जळत होती. प्रीती श्रावस्तीवर जळत होती. आणि ती सेकंदं मोजली होती मी, म्हणून मी तिघांवर जळत होतो.

मग आले उमाशंकर अण्णा. अण्णा खो-खो मंडळाचे अध्यक्ष, बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. मनाने मोठे आणि घाईत त्याहून मोठे. श्रावस्तीने नावाचा फोटो स्टेटसला टाकला होता. अण्णांनी तो भाषांतर करणाऱ्या ॲपला दाखवला. फोटोत तिच्या नावाच्या वर ठळक अक्षरांत त्या चित्रांच्या दिग्दर्शकाची ओळ होती. ॲपने तिचं मराठी केलं 'रेखाचित्र दिग्दर्शक'. अण्णांनी 'रेखाचित्र' गाळलं. सत्कार ठरला आणि मैदानाच्या फाटकावर बॅनर चढलं, 'जपानी मालिकेच्या दिग्दर्शिका, धाराशिवची सुकन्या'.

आदल्या दिवशी श्रावस्तीने ते बॅनर पाहिलं. ती मला पिशवीत घेऊन निघाली होती, त्यामुळे मीही पाहिलं. तिने फोन काढला, अण्णांचा नंबर लावायला घेतला आणि थांबली. त्या बॅनरवर ती पूर्ण होती. दोन्ही हातांसकट. तिने फोन पिशवीत टाकला.

सत्काराला मैदान भरलं होतं. व्यंकट सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. येणाऱ्या प्रत्येकाला जयभीम घालत होते आणि "धाकटी. डायरेक्टर झाली," असं सांगत होते. अण्णांनी भाषण ठोकलं. शाल दिली. श्रावस्तीने माइकवर 'धन्यवाद' एवढंच म्हटलं आणि ती पटकन खाली बसली.

तेवढ्यात मागून प्रीती उठली. गुडघ्याला पट्टा बांधलेला. ती मांडवातून चालत पुढे आली.

"अण्णा, मला दोन शब्द बोलायचेत."

अण्णांनी कौतुकाने माइक दिला. थोरली बहीण, जुनी खेळाडू. त्यांना काय माहीत?

"माझी बहीण दिग्दर्शक न्हाय," प्रीती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. मालिकेचा दिग्दर्शक कोण, भागाचा कोण, चित्रांचा दिग्दर्शक कशाला म्हणतात, की-ॲनिमेशन म्हणजे काय, सेकंड की म्हणजे काय, मधली चित्रं भरणारे कोण, रंगवणारे कोण आणि खो देणारी पोरगी कोण. एकही चूक नाही. श्रावस्तीने एकदाच सांगितलेलं तिने शब्दन् शब्द धरून ठेवलं होतं. जळणारं माणूस किती लक्ष देऊन ऐकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"तर ही हाय सेकंड की. दुसरी," प्रीती म्हणाली. "बॅनर चुकीचं हाय."

अण्णा कपाळावरचा घाम पुसू लागले. श्रावस्तीने मान खाली घातली. मी तिच्या मांडीवरच्या पिशवीत होतो आणि तिने पिशवी पोटाशी ओढून धरली. सर्वांच्या नजरा सरांकडे वळल्या.

सर सावकाश उठले. "बरं केलंस सांगितलंस," ते प्रीतीला म्हणाले. "मला आपलं कौतुकात भान न्हाई राहिलं. पन एक सांगा दोघीजनी. ती उडी म्या फोनवर बघितली. लई वेळा बघितली. त्या पोरीचा डावा खांदा आधी पडतोय. जपानमधल्या पोरीला ही खोड कुठनं लागली?"

ज्या खोडीसाठी प्रीतीने लहानपणभर बोलणी खाल्ली, ती बापाने एका कार्टूनमध्ये ओळखली होती.

श्रावस्ती उठली आणि तिने बहिणीच्या हातातून माइक घेतला. "अक्काची हाय पप्पा. गुडघा दुखत असताना ती पळली माझ्यासाठी. बॅनर चुकलंय हे मला काल कळलं होतं. मी बोलले न्हाई. मला वाटलं, एकदा तरी माझं..." तिने माइक प्रीतीला परत दिला.

मांडवात कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच वाजल्या. अण्णांना वाटलं आता आपण निस्तरावं. ते म्हणाले, "मंग ही शाल आता कुनाला द्यायची?"

"तिलाच ऱ्हाऊ द्या," प्रीती म्हणाली. "तिची उतरलेली शाल मला नगं."

सगळे हसले. प्रीती हसली नाही. पण परत जाताना ती मागच्या रांगेत गेली नाही, बहिणीशेजारच्या खुर्चीवर बसली.

त्यानंतर श्रावस्तीने जपानमधल्या त्या खो देणाऱ्या पोरीला विचारलं, की माझ्या बहिणीचं नाव सहकार्य म्हणून घालता येईल का? तिचं उत्तर आलं, तो भाग होऊन गेला, आता नाही जमणार. पण पुढच्या भागात तुम्ही काम करताय, तुमचं नाव कसं लिहायचं ते तुम्ही ठरवा. इथे पुष्कळ जण आवडीचं नाव घेतात. जागा मात्र एकाच नावाची. श्रावस्तीने उत्तर लिहायला बराच वेळ लावला. लिहिताना तिने मला मुठीत धरलं होतं. ती मूठ तापली होती, हे मी खोटं सांगणार नाही.

तो भाग लागला त्या दिवशी प्रीती पुन्हा बेंबळीहून आली. नावं सरकू लागली. श्रावस्तीने थांबवून बोट ठेवलं. काड्यांची रांग आता लांब झाली होती.

"ह्यात काय लिव्हलंय?"

"प्रीती-श्रावस्ती. दोघींचं एकच नाव. इथनं पुढं असंच."

प्रीती पडद्याच्या अगदी जवळ गेली. "ह्यातली मी कोनती?"

"पहिली."

प्रीतीने ती अक्षरं पुन्हा पुन्हा बघितली. मग पडद्याकडे बघतच म्हणाली, "म्हंजी तू दुसरी."

"व्हय," श्रावस्ती म्हणाली. "दुसरी."

आणि तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तर मित्रांनो, हेवा वाटला म्हणून लाजू नका. जिथे आपला जीव लागलेला असतो, तिथेच तो वाटतो. फक्त आपलं नाव पुढे नेताना दुसऱ्याचं खोडू नका आणि कुणी चुकून मोठं लिहिलं तर ते तसंच राहू देऊ नका. घरातली जुनी घड्याळं अडगळीत टाकू नका. त्यांना अधूनमधून किल्ली द्या, कोरड्या फडक्याने पुसा. आणि तुमची आवडती मालिका संपून नावं सरकू लागली, की बटण दाबून पुढे पळू नका. जरा थांबा. कुणी काय केलं ते वाचा. त्या गर्दीत माझं नाव सापडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तरी एकदा शोधून बघा.